बर्फावरची हॉकी : संघ कोणाचा आणि शिडी कोणासाठीं ?

हॉकी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हिरवळ येते आणि ध्यानचंदांचें नांव ओठांवर येतें. हाच शब्द स्टॉकहोम किंवा झुरिक येथें उच्चारला, तर ऐकणारास बर्फ दिसूं लागतें. त्या मुलखांत नुसतें ‘हॉकी’ म्हटलें कीं ती बर्फावरचीच. गवतावरच्या हॉकीला तेथें विशेषण लावावें लागतें. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे दिवस लहान आणि रात्री लांब असतात त्या काळांत, उत्तर व मध्य युरोपांतील लहानमोठ्या गांवांचें सायंकाळचें चित्त या खेळांत गुंतलेलें असतें. आपल्या देशांत लडाखच्या लोकांना हा खेळ परका नाहीं. तेथें गोठलेल्या तळ्यांवर तो आवडीनें खेळतात, आणि २०२५ सालीं भारताच्या स्त्रियांच्या संघानें आशियाई चषकाच्या स्पर्धेंत कांस्यपदकहि मिळविलें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. पांच खेळाडू आणि एक गोलरक्षक अशा सहा जणांचा संघ. पायांत पोलादी पातीं लावलेले बूट, हातांत वांकडी काठी, आणि चेंडूच्या जागीं कठीण रबराची चपटी चकती. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. वेग असा कीं एका दमांत पाऊण मिनिटापलीकडे सहसा कोणी टिकत नाहीं. सामना चालू असतांनाच दमलेला कठड्याआड जातो आणि ताजा गडी कठडा ओलांडून आंत उतरतो. युरोपांत मैदान ६० मीटर लांब आणि बहुधा ३० मीटर रुंद असतें. अमेरिकेंत रुंदी २६ मीटरच. चार मीटरांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु खेळाचें रूपच त्यानें पालटतें. रुंद बर्फावर चकती एकाकडून दुसऱ्याकडे सरकवीत डाव रचावयास सवड मिळते. अरुंद बर्फावर अंगाला अंग भिडतें आणि गोलावरचे फटके वाढतात. अलीकडे युरोपांतहि कांहीं ठिकाणीं मैदानें अरुंद होऊं लागलीं आहेत.

आतां मुख्य प्रश्न. युरोपांत या खेळाच्या धंदेवाईक लीगा डझनावारी आहेत ; त्यांत श्रेष्ठ कोणती ? या प्रश्नाचें उत्तर लोक बहुधा पगाराच्या आंकड्यांत शोधतात, किंवा कोणत्या लीगेंतून किती मुलें अमेरिकेस गेलीं तें मोजतात. हीं दोन्ही मापें खोटीं नाहींत. परंतु आमच्या मतें त्याआधीं दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : हा संघ कोणाचा आहे, आणि तो वाईट खेळला तर त्याला खालीं उतरावें लागतें कीं नाहीं ?

अटलांटिकपलीकडील नॅशनल हॉकी लीग १९१७ सालीं स्थापन झाली. आज तींत ३२ संघ आहेत, आणि खेळाच्या दर्जांत ती निर्विवाद पहिली आहे. तिच्याशीं युरोपची बरोबरी लावण्यांत अर्थ नाहीं. तेथें शेवटचा क्रमांक आला म्हणून कोणी खालच्या इयत्तेंत जात नाहीं. उलट नवे खेळाडू निवडण्याच्या वेळीं अशा दुबळ्या संघाला अग्रक्रमाची संधि अधिक मिळते. संघ मालकांचे, मालकाला वाटलें तर संघ एका शहरांतून उचलून दुसऱ्या शहरांत नेतां येतो. युरोपची जुनी रीति याच्या उलट. संघ गांवचा, त्याच्या खालीं दुसऱ्या, तिसऱ्या पायरीचे संघ, आणि शिडी सर्वांना खुली. निदान पुस्तकांत तरी तसें लिहिलेलें असतें. प्रत्यक्षांत ही शिडी कोठें किती पक्की आहे, हेंच पाहण्यासारखें आहे.

ती सर्वांत पक्की आहे स्वीडनमध्यें. १९२० सालापर्यंत स्वीडिश लोक बर्फावर बँडी नांवाचा चेंडूचा खेळ खेळत. राऊल ले मॅट नांवाचा एक अमेरिकन चित्रपट-व्यवसायी तेथें आला. बर्फ आहे, पात्यांवर वाऱ्यासारखे धांवणारे तरुण आहेत, आणि ही हॉकी मात्र नाहीं, याचें त्याला नवल वाटलें. त्यानें खटपट करून त्याच वर्षीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ पाठविण्याच्या कामास हात लावला. आज स्वीडनच्या विजेत्यास जो चषक मिळतो त्याला त्याचेंच नांव आहे. तेथील वरिष्ठ लीग १९७५ पासून चालत आली असून २०१३ सालीं तिचें नांव ‘एस. एच. एल.’ असें झालें. चौदा संघ, प्रत्येकाचे ५२ सामने, आणि त्यानंतर सातांपैकीं चार सामने जिंकावे लागतात अशा बाद फेऱ्या.

येथील नियम असा कीं, संघाच्या कंपनींत बाहेरचा पैसा आला तरी निदान ५१ टक्के मतें सभासदांच्या क्लबाच्या हातीं राहिलीं पाहिजेत. कोणी धनिक आला तर त्यानें देणगी द्यावी, शेजारीं बसावें, परंतु गादीवर बसूं नये. आणि खालीं उतरण्याच्या बाबतींत तर दयामाया नाहीं. येन्शेपिंगच्या एच. व्ही. ७१ या संघानें २०१७ सालीं अजिंक्यपद मिळविलें. तोच संघ २०२१ सालीं दुसऱ्या पायरीवर गेला आणि पुढल्याच वर्षीं धडपडत वर आला. स्टॉकहोमच्या यूरगॉर्डेन संघाच्या नांवावर सोळा अजिंक्यपदें, म्हणजे देशांत सर्वांत अधिक. तो २०२२ सालीं घसरला आणि त्याला परत यावयास २०२५ साल उजाडावें लागलें. त्याच २०२५ सालीं मोडो खालीं गेला. हा मोडो अर्नशेल्ड्सविक नांवाच्या उत्तरेकडील लहानशा शहरांतला. पेटर फोर्शबेरी, मार्कुस नेस्लुंद, सेडीन हे जुळे भाऊ, व्हिक्टर हेडमन, असे जगांत नांवाजलेले खेळाडू याच एका क्लबांत तयार झाले. फोर्शबेरीनें १९९४ च्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत जो निर्णायक गोल केला त्याचें चित्र स्वीडनच्या टपाल खात्यानें तिकिटावर छापलें. एवढी पुण्याई गांठीं असून ती उपयोगीं पडली नाहीं.

गुणतक्त्याच्या तळच्या दोन संघांमध्यें हंगामाअखेर जी मालिका होते तिला आम्ही अंतिम सामन्याहून कमी लेखीत नाहीं. जिंकणारा राहतो, हरणारा जातो ; आणि जातांना त्याच्याबरोबर जाहिरातदार जातात, होतकरू मुलें दुसरा क्लब शोधूं लागतात, तिकिटें विकणाऱ्या बाईपासून बर्फ घांसणाऱ्या यंत्रावरच्या माणसापर्यंत कित्येकांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो. हें क्रूर आहे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यामुळेंच फेब्रुवारींतल्या मंगळवारीं दोन सामान्य संघांचा सामनाहि तेथें कोणी आळसानें खेळत नाहीं.

गुणवत्तेची कसोटी एका ठिकाणीं तरी प्रत्यक्ष लागते. २०१४ सालीं ‘चॅम्पियन्स हॉकी लीग’ नांवाची स्पर्धा सुरू झाली. तींत निरनिराळ्या देशांतील पुढले संघ एकमेकांशीं भिडतात. २०१५ ते २०२५ या काळांत तिचे दहा विजेते झाले (२०२१ सालीं साथीमुळें स्पर्धाच झाली नाहीं). त्यांपैकीं सहा वेळां चषक स्वीडनला गेला, त्यांत चार वेळां एकट्या गोथेनबर्गच्या फ्रेलुंडा संघाला. दोन वेळां फिनलंडला, आणि २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें स्वित्झर्लंडला. जर्मनी, चेकिया, ऑस्ट्रिया यांच्या वांट्याला एकदांहि नाहीं.

फिनलंडचें उदाहरण मात्र आमच्या मताला आडवें येतें आणि म्हणून तें टाळतां येत नाहीं. तेथील वरिष्ठ लीग १९७५ चीच. २००० सालीं तिनें आपला दरवाजा लावून घेतला. मध्यें २००९ ते २०१३ पर्यंत तो किलकिला केला, पुन्हां लावला. वर यावयाचें तें मैदानांतील विजयानें नव्हे, तर परवान्यानें, असा प्रकार दीर्घकाळ चालला. आमच्या सिद्धांताप्रमाणें अशा देशाचा खेळ ढासळावयास हवा होता. झालें उलटेंच. साठ लाखांहून कमी वस्तीच्या या देशानें २०११ व २०१९ सालीं जागतिक अजिंक्यपद घेतलें, आणि २०२२ सालीं तर ऑलिंपिक सुवर्णपदक व जागतिक अजिंक्यपद अशीं दोन्ही एकाच वर्षीं पटकावलीं. याचें श्रेय लीगेच्या रचनेपेक्षां तेथील शिकवणाऱ्यांना अधिक आहे. बाल-वर्गापासून गोलरक्षकाला वेगळा शिक्षक देण्याची त्यांची काळजी प्रसिद्ध आहे. लेक वाढवावी आपण आणि नांदावी ती दुसऱ्याच्या घरीं, तसें फिनलंडचें झालें आहे ; उत्तम मुलें विशीच्या आंतच अमेरिकेस जातात, आणि घरच्या लीगेंत राहतात ते कोवळे तरी किंवा परतलेले प्रौढ तरी. लीग दुबळी नव्हे, परंतु तिचें यश दुसऱ्यांच्या अंगणांत दिसतें.

जर्मनीची शिडी आहे, पण तिला कुलूप आहे. १९९४ सालीं संघांनीं मिळून नवी लीग काढली. २००६ नंतर खालीं जाणें-वर येणें बंद केलें, आणि अलीकडे तें पुन्हां चालू केलें. २०२१ सालीं बीटिगहाइम वर आला, २०२२ सालीं क्रेफेल्ड खालीं गेला. परंतु वर यावयाचें तर खालच्या लीगेचें अजिंक्यपद पुरत नाहीं. आधीं अर्ज, आर्थिक हमी आणि क्रीडागृहाच्या अटी. यामुळें घडलेली ऑग्सबर्गची गोष्ट मोठी मौजेची आहे. २०२३ सालीं आणि पुन्हां २०२४ सालीं हा संघ खालीं जाण्याच्या कांठावर होता. खालून वर येण्यास पात्र आणि उत्सुक असलेला कासेल संघ दोन्ही वर्षीं आपल्या लीगेच्या अंतिम मालिकेंत हरला. प्रथम रावेन्सबर्गकडून, मग रेगेन्सबर्गकडून. या दोघांनीं वर येण्याचा अर्ज केलेलाच नव्हता ! ऑग्सबर्गकरांनीं त्या दोन शहरांस पेढे वांटावयास हरकत नव्हती. २०२५ सालीं मात्र कोणाची पुण्याई आड आली नाहीं : ड्यूसेलडॉर्फचा जुना नामांकित संघ घसरला आणि ड्रेस्डेन वर आला. प्रेक्षकांच्या बाबतींत जर्मनी कोणास हार जाणार नाहीं. युरोपांत सर्वाधिक गर्दीचा जो मान वर्षानुवर्षें स्वित्झर्लंडच्या बर्नकडे होता तो अलीकडे कोलोनकडे गेला आहे. मात्र या गर्दीच्या मानानें खेळाची उंची अजून कमी पडते.

चेकियाचा विस्तार करीत नाहीं, पण एक नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. यारोमिर यागर हा १९७२ सालीं जन्मला. अमेरिकेंत कीर्ति व द्रव्य मिळवून तो आपल्या क्लाड्नो गांवच्या संघाकडे परतला. संघ २०१९ सालीं वर, २०२० सालीं खालीं, २०२१ सालीं पुन्हां वर असा झोके घेत होता. त्या काळांत संघाचा मालकहि तोच आणि आघाडीचा गडीहि तोच. पन्नाशी उलटल्यावरहि तो सामन्यांत उतरत राहिला.

स्वित्झर्लंडची लीग गेल्या कांहीं वर्षांत सर्वांच्या पुढें सरसावली आहे. तिच्या भरभराटीचें मूळ एका साध्या नियमांत आहे. परदेशी खेळाडूंची संख्या तेथें पूर्वीं चारांपर्यंत मर्यादित होती. २०२२ पासून ती सहा झाली. देश लहान, चांगले स्वदेशी खेळाडू मोजके, आणि चौदा संघांना ते हवेतच. अर्थात् त्यांचें मोल चढतें. त्यामुळें स्विस मुलाला घर सोडून अमेरिकेंतल्या दुय्यम संघांत झिजण्याची गरज राहत नाहीं. तो घरीं राहून खेळतो, आणि लीगेची उंची टिकते. २०२४ व २०२५ अशीं दोन्ही वर्षें स्वित्झर्लंड जागतिक स्पर्धेंत उपविजेता ठरला, हें त्याचेंच फळ. खालीं जाण्याची तरतूद आहे, पण तळच्या संघाला वांचण्याच्या संधी पुष्कळ मिळतात. पोरांत्रुई या साडेसहा-सात हजार वस्तीच्या गांवचा आजोआ संघ २०२० सालीं दुसऱ्या पायरीवर असतांना राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यांत दाव्होससारख्या बलाढ्य संघाला हरवून गेला, आणि २०२१ सालीं वर आला. तेव्हांपासून तो बहुधा तळाशींच आहे, पण आहे.

परंतु गांवचा संघ म्हणजे काय हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें आंब्रीला जावें. टिचिनो प्रांतांत, गोटहार्डच्या बोगद्यांतून आगगाडी दक्षिणेस बाहेर पडते त्या लेव्हेन्तीना खोऱ्यांत हें गांव आहे. दोन्ही बाजूंस उंच डोंगर, मध्यें नदी, लोहमार्ग आणि घरें. ज्या ग्रामपालिकेंत तें मोडतें तिची सारी वस्ती सुमारें हजार. येथील आंब्री-पिओत्ता हा संघ १९३७ सालीं स्थापन झाला, आणि १९८५ पासून तो वरिष्ठ लीगेंतून एकदांहि खालीं गेलेला नाहीं. झुरिक, जिनेव्हा, बर्न अशा धनाढ्य शहरांच्या पंक्तीला हें हजार माणसांचें गांव बसतें ! त्यांचें जुनें क्रीडागृह हिमस्खलनाच्या धोक्याच्या जागेंत होतें. नवें बांधा, नाहींतर वरिष्ठ लीग सोडा, अशी वेळ आली. त्याच प्रांतांत जन्मलेले जगद्विख्यात वास्तुशिल्पी मारिओ बोत्ता यांनीं नव्या क्रीडागृहाचा आराखडा केला, आणि २०२१ सालीं तें खुलें झालें. त्यांत साडेसहा हजारांहून अधिक लोक मावतात, म्हणजे गांवाच्या सहापट. हे लोक येतात कोठून ? साऱ्या खोऱ्यांतून, आणि पोटासाठीं खोरें सोडून दूर गेलेल्यांच्या घरांतून.

आंब्रीनें देशाचें अजिंक्यपद कधींहि मिळविलेलें नाहीं. १९९९ सालीं साखळींत पहिलें येऊन अंतिम मालिकेंत तें हरलें, आणि तेंहि कोणाकडून, तर त्याच प्रांतांतल्या श्रीमंत लुगानोकडून ! भाऊबंदकींतला पराभव अधिक झोंबतो, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्याच वर्षीं युरोपीय सुपर चषकांत मात्र या गांवानें रशियांतील मॅग्निटोगोर्स्क या पोलादनगरीच्या संघास हरविलें. आजहि सामना जिंकला कीं प्रेक्षक उभे राहून एक जुनें डोंगरगीत एकसुरांत म्हणतात. हें दृश्य पाहिलें म्हणजे लीगेचा दर्जा केवळ चकतीच्या वेगावर मोजण्याची इच्छा उरत नाहीं.

या चित्राच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला रशियाप्रणीत काँटिनेंटल हॉकी लीग उभी आहे. २००८ सालीं ती निघाली तेव्हां तिच्यामागें तेल, वायु, रेल्वे अशा प्रचंड उद्योगांचें द्रव्य होतें, आणि पगाराच्या बाबतींत युरोपांत कोणी तिच्या जवळपास नव्हतें. प्राग, ब्रातिस्लाव्हा, झाग्रेब, रीगा, मिन्स्क, अस्ताना, हेलसिंकी आणि शेवटीं बीजिंगपर्यंत तिनें हातपाय पसरले. परंतु हे संघ शिडी चढून वर आले नव्हते ; ते वरून ठेवलेले होते. प्रागचा लेव्ह संघ २०१४ सालीं अंतिम मालिकेपर्यंत पोंचला, सातव्या सामन्यांत हरला, आणि त्याच उन्हाळ्यांत पैशाअभावीं अदृश्य झाला. आंब्रीनें अजिंक्यपदावांचून आठ दशकें काढलीं. लेव्हला उपविजेतेपदानंतर एक हंगामहि काढतां आला नाहीं.

हेलसिंकीच्या योकेरित संघाची कथा याहून बोधप्रद. फिनलंडचा हा मोठा लोकप्रिय संघ २०१४ सालीं घरची लीग सोडून रशियाच्या लीगेंत गेला. तत्पूर्वींच त्याचें क्रीडागृह रशियांतील धनिकांनीं घेतलेलें होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर आक्रमण झालें. संघानें ती लीग सोडली, आणि मालकांवरील निर्बंधांमुळें क्रीडागृहाला टाळें पडलें. घरच्या वरिष्ठ लीगेंत जागा रिकामी नव्हती. शेवटीं २०२३ सालीं योकेरितनें दुसऱ्या पायरीपासून पुन्हां आरंभ केला. उंटावरून शेळ्या हांकणारा मालक दूर गेल्यावर शेळ्यांनीं जावें कोठें, हा प्रश्न त्या प्रेक्षकांनीं कोणालाहि विचारला नव्हता ; त्यांच्यावर तो येऊन पडला.

तरीहि रशियाच्या लीगेंतले सारेच संघ मुळावांचूनचे आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. यारोस्लाव्हलचा लोकोमोटिव्ह संघ २०११ सालच्या ७ सप्टेंबरला हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठीं मिन्स्कला निघाला असतां त्याचें विमान उड्डाण करतांच कोसळलें. ४५ पैकीं ४४ जण गेले. साराच्या सारा संघ एका दुपारीं नाहींसा झाला. शहरानें धीर सोडला नाहीं. त्या वर्षीं दुय्यम लीगेंत पोरसवदा गडी उतरविले, पुढील वर्षीं वरिष्ठ लीगेंत संघ परतला, आणि २०२५ सालीं त्यानें गागारिन चषक पहिल्यांदाच जिंकला. पैसा रेल्वेचा असला तरी हा संघ कोणाचा, याविषयीं त्या शहरांत कोणाला शंका असेल असें वाटत नाहीं.

२०२२ पासून आंतरराष्ट्रीय महासंघानें रशियाच्या संघांस जागतिक स्पर्धांतून दूर ठेविल्यामुळें त्या लीगेची इतरांशीं प्रत्यक्ष तुलना करण्याचें साधनच राहिलें नाहीं. ती वगळतां आमचा क्रम असा : स्वीडन पहिला, स्वित्झर्लंड त्याच्या खांद्याला खांदा लावून, मागोमाग फिनलंड, नंतर चेकिया व जर्मनी. खेळाच्या सफाईपुरता हा क्रम. प्रेक्षक म्हणून कोठें बसावें असें कोणी विचारल्यास आम्ही लेव्हेन्तीनाच्या खोऱ्याचें तिकीट काढूं.

ज्यांना घरीं बसून या खेळाची गोडी चाखावयाची आहे त्यांनीं २६ ते ३१ डिसेंबरच्या आठवड्यांतील दाव्होसचा स्पेंग्लर चषक पाहावा. मुलांना नाताळची सुट्टी असते आणि सामनेहि रोज असतात. दाव्होस हें क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठीं एके काळीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथील डॉक्टर कार्ल स्पेंग्लर यांनीं पहिल्या महायुद्धानंतर, शत्रुराष्ट्रांच्या तरुणांनीं पुन्हां एका मैदानावर यावें म्हणून, १९२३ सालीं हा चषक ठेवला. पहिल्या वर्षीं तो जिंकला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं.